रायफल कोणत्या सालची?

मिरज-सांगलीच्या महाविद्यालयांतून राष्ट्रीय छात्रसेनेत, म्हणजे एन.सी.सी.त जाणाऱ्या विद्यार्थ्यांना काही नावे पाठच करावी लागतात. '.२२ रायफल, नंबर २, मार्क ४' हे त्यांतलेच एक. नेमबाजीचा पहिला धडा अनेकांनी याच किंवा हिच्यासारख्याच रायफलीवर गिरवलेला असतो. रायफलीचे भाग, वजन, पल्ला हे सगळे परीक्षेत विचारले जाते. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही : ही रायफल कोणत्या सालची?

प्रश्न सोपा वाटतो, कारण साल रायफलीवरच असते. लाकडी दस्ता पोलादी यंत्रणेला जिथे जोडलेला असतो, त्या भागाच्या उजव्या बाजूला एक मुकुट, त्याखाली 'जी.आर.' ही अक्षरे, कारखान्याचे नाव आणि साल असा मजकूर ठशाने उठवलेला दिसतो. समजा, तिथे १९१६ आहे. शेजारीच, जरा वेगळ्या वळणाच्या अक्षरांत '.२२ नंबर २ मार्क ४' असे नाव आहे. आता अडचण अशी, की रायफलींना 'नंबर १', 'नंबर २' अशी नावे देण्याची पद्धत ब्रिटिश सैन्याने १९२६ साली सुरू केली. मग १९१६ च्या रायफलीवर हे नाव आले कसे?

ही रायफल १९१६ साली .२२ ची नव्हतीच. ती '.३०३' ची लष्करी रायफल म्हणून, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत तयार झाली. युद्ध संपल्यावर तिची नळी बदलून, किंवा जुन्या नळीतच पोलादाची बारीक नळी बसवून, तिला सरावाची रायफल केले गेले. तिच्या मॅगझीनमधली स्प्रिंग काढून टाकली. त्या रिकाम्या पेटीचा उपयोग मोकळी काडतुसे गोळा होण्यापुरता उरला. म्हणजे दोन्ही खुणा खऱ्या आहेत, पण त्या दोन वेगळ्या घटनांची नोंद करतात.

आपल्याकडे एखाद्या देवळाच्या भिंतीवर जीर्णोद्धाराचा शिलालेख असतो. त्यावरून देऊळ त्या साली बांधले असे कोणी समजत नाही. जीर्णोद्धार त्या साली झाला, एवढेच समजते. रायफलीवरच्या खुणाही अशाच वाचायच्या असतात. प्रत्येक खूण फक्त ती ज्या घटनेची आहे त्या घटनेचीच तारीख सांगते. हे एक सूत्र हाती धरले, की रूपांतरित रायफलींचा गुंता पुष्कळसा सुटतो.

प्रूफ म्हणजे काय?

खुणा अनेक प्रकारच्या असतात. काही जन्माच्या : कारखाना, साल, नमुना, अनुक्रमांक. काही मालकीच्या : ब्रिटिश सरकारच्या मालावर बाणाच्या टोकाची खूण असे, हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्या बाणाखाली 'आय' हे अक्षर येई. काही दुरुस्तीच्या : कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झाली, की 'एफ.टी.आर.' ही अक्षरे व साल उठवत. सैन्यातून विक्रीस काढलेल्या मालावर दोन बाण टोकाला टोक लावून उमटवत. केवळ कवायतीसाठी ठेवलेल्या, गोळी न झाडण्याच्या रायफलीवर 'डी.पी.' असते, ती अक्षरे छात्रसैनिकांच्या परिचयाची आहेत.

या सगळ्यांत महत्त्वाची खूण म्हणजे प्रूफ मार्क, म्हणजेच परीक्षणाची मुद्रा. काडतुसातील दारू पेटली, की नळीच्या मागच्या टोकाशी प्रचंड दाब निर्माण होतो. .३०३ रायफलीवर ब्रिटनमध्ये उठवलेल्या मुद्रेत हा आकडाच लिहिलेला आढळतो : दर चौरस इंचाला १८.५ टन. आपल्या परिचयाच्या मापात हे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २९०० किलोग्रॅम होतात. घरातल्या गॅसच्या सिलिंडरमधील दाबाच्या हे शेकडो पट आहे. नळीत कुठे बारीक तडा किंवा पोकळी राहून गेली असेल, तर रायफल झाडणाऱ्याच्या तोंडावरच फुटेल.

म्हणून नवी रायफल सैनिकाच्या हाती देण्यापूर्वी तिच्यातून मुद्दाम जास्त दाबाचे काडतूस, दूर उभे राहून, झाडतात. मग नळी फुगली का, बोल्ट मागे सरकला का, कुठे तडा गेला का, हे पाहतात. यामागचे तत्त्व भौतिकीच्या पुस्तकातलेच आहे. ताण स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत असेल, तर ताण जाताच पोलाद मूळ आकारात परत येते. मर्यादा ओलांडली, तर विकृती कायम राहते. नेहमीपेक्षा जास्त दाबालाही जी नळी मूळ मापात परत आली, ती नेहमीच्या दाबाला पुरून उरेल असा भरवसा ठेवता येतो. परीक्षेत उतरलेल्या रायफलीच्या नळीवर, यंत्रणेवर आणि बोल्टवर मुद्रा ठोकतात. ब्रिटिश लष्करी मुद्रेत मुकुट, राजाची अक्षरे, तिरकी एकमेकांवर ठेवलेली दोन निशाणे आणि तळाशी 'पी' हे अक्षर असते.

लष्कराबाहेरच्या बंदुकांची परीक्षा ब्रिटनमध्ये निराळी होते. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या मंडळाला १६३७ साली राजाची सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचे परीक्षणगृह १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाले. लष्करी रायफल नागरी बाजारात विकायची, तर तिची परीक्षा तिथे पुन्हा घ्यावी लागे. त्यामुळे एकाच नळीवर दोन पिढ्यांच्या मुद्रा सापडतात. बर्मिंगहॅमची 'बी.एन.पी.' ही मुकुटांकित मुद्रा १९५४ नंतरची आहे. १९१६ च्या रायफलीवर ती दिसली, तर ती रायफल १९५४ नंतर केव्हातरी नागरी बाजारातून गेली, हे निश्चित समजावे.

राजाची अक्षरेही कालमापनाला उपयोगी पडतात. 'व्ही.आर.' म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १९०१ पर्यंत. 'ई.आर.' म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. त्यानंतर 'जी.आर.'. हिंदुस्थानातल्या कारखान्यात त्याला आणखी एक अक्षर जोडून 'जी.आर.आय.' होत असे. शेवटचे अक्षर 'इंपरेटर' या लॅटिन शब्दाचे, म्हणजे सम्राट. इंग्लंडचा राजा हिंदुस्थानचा सम्राट होता, हे रायफलीच्या पोलादावरही लिहिलेले असे. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि त्याच जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

गुळगुळीत केलेली नळी

रूपांतर नेहमी सुधारणेसाठीच होते असे नाही. आपल्याच भागाच्या इतिहासात याचे एक उदाहरण दडलेले आहे.

३१ जुलै १८५७ रोजी मिरजेपासून जवळच, कोल्हापुरात, २७ व्या देशी पलटणीने बंड केले. पुढच्या मे महिन्यात नरगुंदच्या बाबासाहेब भावे यांनी उठाव केला. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी दोन गोष्टी केल्या : प्रजेची हत्यारे काढून घेतली, आणि देशी शिपायाच्या हातातले हत्यार कमकुवत केले.

त्या काळी गोऱ्या पलटणींकडे १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल होती. तिची नळी ०.५७७ इंच, म्हणजे सुमारे १४.७ मिलिमीटर व्यासाची, आणि आत तीन पीळदार खाचा. या खाचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत जाते, डगमगत नाही आणि कित्येकशे मीटरांवर नेम साधतो. १८५८ पासून देशी पलटणींसाठी याच बंदुकीचा निराळा नमुना काढला. नळी आतून ०.६५६ इंचापर्यंत, म्हणजे सुमारे १६.७ मिलिमीटरपर्यंत कोरली. खाचा पार गेल्या. दूरचा नेम धरण्याची सरकती पट्टी काढून साधी, स्थिर पट्टी बसवली. बाहेरून बंदूक तीच दिसते. पण शंभर-सव्वाशे मीटरांपलीकडे तिच्या नेमावर विसंबण्यात अर्थ नाही.

अशा बंदुकीवरच्या खुणा पाहून कोणी तिला 'एन्फिल्ड रायफल' म्हटले, तर ते चूकच ठरेल. इथे खुणेच्या जोडीला मोजमाप लागते. नळीच्या तोंडाला व्हर्नियर कॅलिपर लावला, की दोन मिलिमीटरांचा फरक लगेच कळतो. राज्यकर्त्यांच्या अविश्वासाचे मोजमाप करता येते, ते असे दोन मिलिमीटरांत!

हत्यारांची मागणी सरली, तेव्हा हत्यारांवर जगणाऱ्या कारागिरांचे काय झाले? मिरजेत याचे उत्तर आजही पाहायला मिळते. तलवारी-बंदुकांना धार आणि झिलई देणारे इथले शिकलगार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्ये करू लागले. फरीदसाहेब शिकलगार हे या परंपरेचे आद्य पुरुष मानले जातात. पुढे या घराण्यांचे आडनावच सतारमेकर झाले, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. इकडे कारागिरांचे रूपांतर होत होते, त्याच दशकांत इंग्लंडमध्ये बंदुकांचेही रूपांतर चालू होते.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून भरावी लागे. जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाने मागून काडतूस भरण्याची युक्ती काढली. १८६६ पासून ब्रिटिश सरकारने जुन्या एन्फिल्ड बंदुकांच्या नळ्या मागच्या बाजूने कापून, तिथे बिजागरीवर उजवीकडे उघडणारा ठोकळा बसवायला सुरुवात केली. मिनिटाला तीन गोळ्यांच्या जागी दहा झाडता येऊ लागल्या. पुढे गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली आणि स्नायडर देशी पलटणींच्या वाट्याला आली. हत्यारांच्या बाबतीत देशी शिपाई एक पिढी मागे राहावा, हा दंडक असा पाळला गेला.

जुन्या वाड्यांत, संग्रहालयांत अशी एखादी स्नायडर असू शकते. तिच्या घोड्याखालच्या पट्टीवर मुकुट, 'टॉवर' हा शब्द आणि समजा १८६१ हे साल आहे. 'ही १८६१ ची बंदूक' अशी चिठ्ठी तिला लावण्याचा मोह होतो. पण १८६१ हे त्या पट्टीचे साल. मागून भरण्याची सोय १८६६ पूर्वी असणे शक्य नाही, आणि ठोकळ्यावर 'दोन' हा रोमन आकडा व त्यापुढे दोन फुल्या असतील, तर तो सुधारित नमुना त्याहून पुढचा, १८६७ चा. म्हणून योग्य चिठ्ठी अशी होईल : 'पट्टी १८६१, स्नायडर पद्धतीने रूपांतर १८६७ किंवा त्यानंतर'. वाक्य थोडे लांबते खरे, पण इतिहास बिनचूक होतो.

इच्छापूरच्या दोन रायफली

बंगालमधील इच्छापूरचा रायफल कारखाना १९०४ साली उभा राहिला, आणि काही वर्षांतच तिथे .३०३ रायफली होऊ लागल्या. याच कारखान्याने केलेल्या दोन प्रकारच्या रायफलींवरून रूपांतराची ओळख कशी पटवावी आणि कुठे पटवू नये, हे दोन्ही शिकता येते.

पहिली म्हणजे पोलिसांची '.४१० मस्केट'. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून इच्छापूरला जुन्या .३०३ रायफलींना .४१० ची गुळगुळीत नळी दिली जाऊ लागली. मॅगझीनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला, म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरता येईल. काडतूसही निराळे : .३०३ च्याच टोपणाचे, पण पुढची मान न आवळलेले, सरळ नळकांड्यासारखे. पोलीस आणि पहारेकरी यांना थोड्या पल्ल्याचे हत्यार पुरे होते. शिवाय ते हिसकावले गेले, तरी सैन्याच्या हत्याराची सर त्याला आली नसती. ही भीती काल्पनिक नव्हती. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांच्या बंदुका ताब्यात घेऊनच बाहेर पडले होते.

मस्केटवर मूळ कारखान्याचे नाव आणि साल बहुधा तसेच राहते, '.४१०' हा आकडा, इच्छापूरची खूण आणि नव्या नळीच्या परीक्षणाची मुद्रा नंतर येते. नळी बदलली, की परीक्षा पुन्हा घ्यावीच लागते. म्हणून रूपांतराचा काळ ठरवताना दस्त्याजवळच्या सालापेक्षा नळीवरचे साल आणि मुद्रा यांना अधिक महत्त्व द्यावे.

दुसरी रायफल म्हणजे ७.६२ मिलिमीटरची '२ए' आणि तिचीच पुढची आवृत्ती '२ए१'. १९६२ च्या चीन युद्धानंतर ती तयार झाली. दिसायला ती .३०३ सारखीच असल्याने, 'जुन्या थ्री नॉट थ्रीची नळी बदलून केलेली' असे तिच्याबद्दल सर्रास बोलले जाते. खुणा मात्र निराळे सांगतात. रूपांतर असते, तर जुने नाव, जुने साल, मुकुट यांपैकी काहीतरी मागे राहिले असते. इथे तसे काही नाही. '७.६२ एम.एम. २ए१', 'आर.एफ.आय.' म्हणजे रायफल फॅक्टरी, इच्छापूर, आणि १९६५ किंवा त्यापुढचे साल, एवढाच स्वच्छ मजकूर. ७.६२ च्या काडतुसाचा दाब .३०३ पेक्षा जास्त असल्याने तिच्यासाठी अधिक बळकट पोलाद वापरून ती मुळातच नवी घडवली गेली. खूण असणे हा जसा पुरावा, तसा अपेक्षित जागी खूण नसणे हाही पुरावाच.

काडतुसाची साक्ष

महाराष्ट्रातली एक खूण रायफलीवर नाही, तर काडतुसाच्या बुडावर सापडते. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथल्या .३०३ काडतुसाच्या पितळी बुडावर 'के.एफ.' ही अक्षरे आणि साल उठवलेले असे. समजा, जुनी विहीर उपसताना गाळात 'के.एफ. १९४३' असे मोकळे टोपण सापडले. त्यावरून ते १९४३ साली झाडले असे सिद्ध होत नाही. काडतूस अनेक वर्षे पेटीत पडून राहू शकते. पण गाळाचा तो थर १९४३ पूर्वीचा नाही, एवढे पक्के. पुरातत्त्वज्ञ नाण्यांवरून थरांचा काळ ठरवतात, तो याच न्यायाने.

पुसलेली खूण पुन्हा दिसते

चोरीच्या हत्यारावरचा अनुक्रमांक कानशीने घासून टाकलेला असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमाने अशी खूण पुसणे, बदलणे किंवा बनावट करणे हा गुन्हा आहे. पण घासलेली खूण खरोखर नाहीशी होते का?

आम्ही धातूंवर काम करणारे लोक याचे उत्तर 'बहुधा नाही' असे देऊ. पोलाद हे सूक्ष्म स्फटिककणांचे बनलेले असते. ठसा ठोकला, की अक्षराचा खड्डा पडतो, शिवाय खड्ड्याखालचे स्फटिककणही चेपले जातात. त्यांची रचना विस्कटते आणि तेवढ्या भागात ऊर्जा साठून राहते. कानशीने खड्डा जातो, पण चेपलेला थर त्याच्याही खाली असतो. प्रयोगशाळेत तो पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉपर क्लोराइड यांचे द्रावण लावतात. विस्कटलेले कण या द्रावणाशी आजूबाजूच्या कणांपेक्षा वेगळ्या गतीने अभिक्रिया करतात आणि गेलेला आकडा काही काळ पुसट उमटतो. तो लगेच छायाचित्रात टिपावा लागतो. घासणाऱ्याने चेपलेला थरही पूर्ण काढला असेल, तर मात्र उपाय चालत नाही. न्यायालयात एखाद्याची सुटका की शिक्षा, हे कधी कधी या पुसट आकड्यावर अवलंबून राहते. म्हणून तो वाचणाऱ्याने 'दिसला' आणि 'दिसलासा वाटला' यांतला फरक कसोशीने पाळायला हवा.

वर्गात करून पाहा

यासाठी बंदुकीची गरज नाही. घरातला गॅस सिलिंडर पुरेसा आहे. सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला 'ए', 'बी', 'सी', 'डी' यांपैकी एक अक्षर आणि सालाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे पुढे. ही तारीख सिलिंडर बनल्याची नाही; त्याची पुढची दाबपरीक्षा केव्हा व्हायला हवी, त्याची आहे. सिलिंडरमध्ये पाणी भरून जास्त दाब देतात आणि तो टिकतो का ते पाहतात. रायफलीच्या प्रूफचेच हे शांत भावंड!

किराणा दुकानातले लोखंडी वजनही पाहण्यासारखे असते. त्याच्या खाचेत शिशाची गुळी असते आणि वैधमापन निरीक्षक तिच्यावर शिक्का मारतो. एकाच वजनावर अनेक वर्षांचे शिक्के दिसतात. विद्यार्थ्यांना वहीत तीन रकाने आखायला सांगावेत : खूण कोणती, ती कोणत्या घटनेची, आणि ती घटना कोणत्या काळापूर्वी घडणे अशक्य आहे. मग विचारावे : या वस्तूचे वय किती? पुष्कळ मुले सर्वांत ठळक साल वाचून उत्तर देतील. मग तिसरा रकाना त्यांनाच वाचायला लावावा.

एन.सी.सी.चे विद्यार्थी वर्गात असतील, तर त्यांना आपल्या प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, रायफल रिकामी असल्याची खात्री झाल्यावर, तिच्यावरच्या खुणा वहीत उतरवून आणायला सांगता येईल. यंत्रणेवरचा, नळीवरचा आणि बोल्टवरचा अनुक्रमांक सारखा आहे का, हेही पाहावे. बोल्टचा क्रमांक वेगळा निघाला, तर बोल्ट केव्हातरी बदलला गेला आहे. सर्वांत आधी घडलेली घटना वर आणि सर्वांत अलीकडची खाली अशी यादी केली, की शंभर वर्षांचा इतिहास एका पानावर मांडला जातो : एका महायुद्धासाठी घडवलेली, साम्राज्याच्या खुणा अंगावर वागवणारी, नळी बदलून सरावाला लावलेली आणि १९४८ नंतर स्वतंत्र भारताच्या छात्रसेनेत दाखल झालेली रायफल.

तिच्या सालाबद्दल विचारले, तर एका आकड्यात उत्तर देता येणार नाही. ते अनेक आकड्यांत, आणि प्रत्येक आकडा कशाचा हे सांगूनच द्यावे लागेल.